पहाटेचे सोबती

संपादकांचे पत्र यंदा श्रावणातच आले. दिवाळी अंकासाठी लिहाल ते जरा खेळीमेळीचे असू द्या, वर्षभर पाणीपट्टी, खड्डे आणि मनुष्यस्वभाव यांवर तुम्ही वाचकांना पुरेसे छळले आहे, असा त्याचा मथितार्थ होता. मी शब्दाला धरून चालणारा माणूस आहे. खेळीमेळीचे म्हणजे खेळाचे आणि मेळ्याचे, असा अर्थ लावून आज मी एक जुनी गोष्ट कबूल करणार आहे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पदरात एक मुलगी आणि डोक्यावर घराचे कर्ज असताना, मी संगणकावरच्या एका खेळाच्या नादी लागलो होतो. आणि चांगली चार वर्षे त्यात काढली होती.

आठवण निघाली ती भाच्यामुळे. गणपतीत तो घरी आला होता. मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळापायी हा मुलगा एके काळी आरतीलासुद्धा कानात बोंडे घालून उभा राहत असे. यंदा पाहतो तर मोबाइल उशापाशी पालथा पडलेला.

‘‘काय रे, युद्ध संपलं का?’’ मी विचारले.

‘‘नाही मामा. कंटाळा आला. मजा गेली त्यातली.’’

‘‘खेळ बिघडला?’’

‘‘छे! उलट पहिल्यापेक्षा चांगला केलाय. सगळं आहे. पण मजा नाही.’’

एवढे बोलून तो मोदकाकडे वळला. मला मात्र त्या रात्री झोप येईना. कारण हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, मी स्वतः २०१० साली उच्चारले होते.

खेळाचे नाव वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. अमेरिकेत तो नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आला. २००६ साली माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून सुट्टीला आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी परफ्यूमची बाटली न आणता चार सीडींची ही पेटी आणली. ‘‘तिथे सगळे खेळतात,’’ तो म्हणाला. ‘सगळे’ या शब्दात केवढे सामर्थ्य आहे! महिना पंधरा डॉलरला एक सेंट कमी, एवढी वर्गणी होती. बायकोला मी ती रुपयांत सांगितली नाही.

आता अडचण वेळेची. माझी पेटी अमेरिकन, त्यामुळे खेळायचे अमेरिकनांत. त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा. योगायोग असा की माझ्या इंटरनेटच्या जोडणीला रात्री दोन ते सकाळी आठ मोजमाप नव्हते. त्या वेळात कितीही वापरा, बिल तेवढेच. सोय आणि काटकसर एकाच वेळी साधत असेल, तर पुण्याचा माणूस पहाटे उठायला मागेपुढे पाहत नाही. मी उठू लागलो. आई त्याच वेळी देवपूजेसाठी उठलेली असे. तिकडून घंटा, इकडून तलवारीचा खणखणाट.

‘‘देवासाठी कधी उठला नाहीस रे एवढ्या पहाटे,’’ ती म्हणे. पण चहा मात्र दोन कप टाकी.

ज्यांनी असले खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. हे एक मोठे काल्पनिक जग आहे. डोंगर, जंगले, शहरे, आणि त्यांत हिंडणारी हजारो माणसे, म्हणजे निरनिराळ्या घरी संगणकापुढे बसलेली खरी माणसे. एकट्यानेही हिंडता येते. पण मोठ्या मोहिमा पाचजणांच्या. एकाने ढाल घेऊन पुढे व्हायचे आणि मार खायचा; एकाने त्याच्या जखमा बऱ्या करायच्या, म्हणजे वैद्यकी; उरलेल्या तिघांनी शत्रूला झोडपायचे. ढालवाला नसेल तर वैद्य मरतो, वैद्य नसेल तर ढालवाला. मी ढाल घेतली. संसारी माणसाला मार खाण्याची सवय असतेच.

या पाचजणांना जमवणे हे सुरुवातीच्या काळात मोहिमेइतकेच मोठे काम होते. डोंगराच्या पोटात आयर्नफोर्ज नावाचे बुटक्यांचे शहर आहे. तिथे पेढीसमोर उभे राहून ओरडायचे, ‘वैद्य हवा, वैद्य हवा!’ मंडईत मेथीवाली ओरडते तसे. अर्धा तास, कधी तासभर. माणूस मिळाला की मग चालायचे. डेडमाइन्स नावाची एक खाण होती. गव्हाच्या शेतांतून, ओसाड पडलेल्या मूनब्रुक गावातून तिथे जायचे. आणि खाण उतरत गेलात की शेवटी जमिनीखालच्या गुहेत पाण्यावर उभे असलेले एक अख्खे गलबत दिसे. ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी आईला हाक मारली होती. तिने चष्मा लावून पाहिले आणि ‘‘आत नेलं कसं?’’ असा अगदी योग्य प्रश्न विचारला.

त्याच खाणीत माझी एकाशी गाठ पडली. पुण्याहून अमेरिकेपर्यंत संदेश जाऊन यायला वेळ लागे, त्यामुळे माझी ढाल नेहमी क्षणभर उशिरा उचलली जाई. त्या दिवशी तर जोडणी तुटलीच. मी परत आलो तेव्हा माझा योद्धा मरून पडलेला, तिघेजण वैतागून निघून गेलेले, आणि वैद्य तेवढा प्रेताशेजारी बसून राहिलेला. त्याने मला उठवले आणि लिहिले, घाई नाही. पुढची साडेतीन वर्षे तो आमच्या कंपूचा वैद्य होता.

त्याचे खरे नाव मी कधी विचारले नाही. ओहायोत राहतो, कारखान्यातून निवृत्त झाला आहे, गुडघे दुखतात, एवढे कळले. आमच्यात नॉर्थ कॅरोलायनाचे एक नवराबायको होते. त्यांचे बाळ रडू लागले की आम्ही तिघे राक्षसाच्या दारात शस्त्रे टेकून थांबत असू. टोरोंटोचा एक विद्यार्थी होता. त्याला आई जेवायला बोलवी, की पुन्हा थांबणे. खरे सांगायचे तर लढाई होई वीस मिनिटे आणि थांबणे व चालणे दीड तास. सगळ्या गप्पा त्या दीड तासात. घरात बाकीचे झोपलेले म्हणून मी बोलत नसे, लिहीत असे; आणि पहाटेच्या अंधारात ओहायोचा माणूस मला विचारी, तुझ्याकडे पाऊस आला का? तेव्हा आमच्याकडे खरोखरच जून लागलेला असे.

एकदा आईने विचारले, ‘‘हा कोण?’’ मी म्हणालो, ‘‘हा आमचा वैद्य.’’ तिने लगेच, ‘‘विचार बघू त्याला, गुडघ्याला काय लावायचं ते.’’ ती थट्टा करीत होती की नाही हे मला आजही सांगता येत नाही. मी विचारले. त्याने गंभीरपणे उत्तर दिले, गरम पाण्याची पिशवी, आणि जिना टाळा. त्यानंतर दर आठवड्याला दोन खंडांतल्या गुडघ्यांची माझ्यामार्फत चौकशी होऊ लागली. संक्रांतीला आई बजावी, ‘‘वैद्याला तिळगूळ सांग.’’ मी सांगे. तोही नाताळला तिला शुभेच्छा पाठवी.

या जगाच्या शेकडो वेगवेगळ्या प्रती होत्या आणि प्रत्येक प्रतीत काही हजार माणसे राहत. म्हणजे हिशेब एखाद्या मोठ्या खेड्याचा. त्यामुळे माणसाचे नाव राही. राक्षसाला मारल्यावर जी वस्तू मिळे तिच्यासाठी फासे पडत. ‘गरज’ म्हणून फासा टाकायचा की ‘हाव’ म्हणून, हे ज्याचे त्याने ठरवायचे. हा नियम ज्याने केला त्याला मनुष्यस्वभाव माझ्यापेक्षा अधिक कळत असला पाहिजे. कुणी हाव असून गरज सांगितली तर संध्याकाळपर्यंत गावभर बोभाटा होई आणि त्याला पुढे कुणी सोबत घेत नसे. वाड्यात राहिलेल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. वाड्यात सगळे सज्जन राहत होते असे थोडेच आहे. पण नळावर उद्या पुन्हा गाठ पडणार हे प्रत्येकाला ठाऊक असे.

या खेळांचा आदिपुरुष १९७८ सालचा. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी नुसत्या अक्षरांचा, चित्राविना, असा एक खेळ केला. पुढे १९९६ मध्ये याच बार्टलने एक मजेदार निबंध लिहिला आणि खेळणाऱ्यांची पत्त्यांच्या चार रंगांत वाटणी केली. कमाई करणारे ते चौकट, कानाकोपरा धुंडाळणारे ते इस्पिक, माणसांसाठी येणारे ते बदाम आणि दुसऱ्याला छळण्यात सुख मानणारे ते किलवर. त्याचे म्हणणे असे की एक रंग वाढला की त्याचा परिणाम उरलेल्यांवर होतो. किलवर फार झाले तर इतर पळ काढतात, हे कुठल्याही हौसिंग सोसायटीच्या सभेला बसलेला माणूस सांगेल. मी स्वतःला इस्पिक समजत होतो. गलबत पाहायला आलेला माणूस. मी बदाम आहे हे मला फार उशिरा उमगले.

माणसांची एकमेकांना गरज असणे हेच ज्याचे भांडवल होते असा आणखी एक खेळ होऊन गेला, स्टार वॉर्स गॅलॅक्सीज. तो २००३ सालचा. त्यात लढून दमलेल्या माणसाचा शीण घालवायला गुत्त्यात जाऊन नर्तकी किंवा वादक यांच्यापुढे बसावे लागे. आणि ती नर्तकीही कुणीतरी खरी व्यक्तीच असे. नोव्हेंबर २००५ मध्ये चालकांनी तीसहून अधिक पेशे मोडून नऊ केले. खेळ सोपा झाला आणि जुनी माणसे झुंडीने निघून गेली. डिसेंबर २०११ मध्ये तो बंदच पडला.

आमच्या खेळात असे काही दांडगेपणाने घडले नाही. आमच्याकडे एक बटण आले.

तारीख ८ डिसेंबर २००९. बटण दाबायचे, मी ढालवाला आहे असे सांगायचे. यंत्र निरनिराळ्या गावांतून, म्हणजे जगाच्या निरनिराळ्या प्रतींतून, चार माणसे वेचून आणी आणि पाचांना उचलून थेट मोहिमेच्या दारात नेऊन उभे करी. ओरडणे नको, चालणे नको. ढालवाल्यांचा सगळीकडेच तुटवडा, त्यामुळे मला तर रांगही नव्हती. बोट उचलेपर्यंत माणसे हजर!

आणि हे बटण कुणी आमच्यावर लादले असेही नाही. तासभर ओरडून घसा कोरडा पडलेले आम्हीच ते मागत होतो. मी तर पहिल्या दिवशी हर्षभरित झालो. पूर्वी पहाटेत एक मोहीम होई. आता आठ वाजायच्या आत तीन होऊ लागल्या. बायकोसुद्धा म्हणाली, ‘‘बरं झालं बाई, दूध तरी वेळेवर आणाल.’’ शिवाय बक्षीस होते. असे बटण दाबून शंभर अनोळखी माणसांबरोबर खेळलात की पग जातीचे एक चपट्या नाकाचे कुत्रे मिळे. ते खेळात तुमच्यामागून पळत येई. चार माणसे एका मोहिमेला, म्हणजे हिशेब पंचविसाचा. मी ते जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिळवले. त्या शंभर माणसांपैकी एकाचेही नाव मला तेव्हासुद्धा आठवत नव्हते. बोलणे होतच नसे. कुणी घाईत, कुणी रागात. एखादा नवखा चुकला की मते घेऊन त्याला हाकलता येत असे आणि दहा सेकंदांत दुसरा त्याच्या जागी उभा राही. गरज आणि हाव यांत फरक करण्याचेही कारण उरले नव्हते. उद्या गाठ पडणार होती कुणाची?

दुसऱ्या दिवशी संक्रांत. आई तिळगूळ घेऊन खोलीत आली. मी तिला कुत्रे दाखवले. तिने ते पाहिले आणि विचारले, ‘‘वैद्याला सांगितलंस का?’’

मी म्हणालो, ‘‘सांगतो.’’ आणि आमच्या कंपूची यादी उघडली. यादीत प्रत्येकाच्या नावापुढे तो शेवटी कधी येऊन गेला ते दिसते. वैद्याच्या नावापुढे होते, तेवीस दिवस.

तेवीस दिवस तो आला नव्हता आणि मला ते कळले नव्हते. मध्ये नाताळ होऊन गेला होता. त्याच्या शुभेच्छा आल्या नव्हत्या, तेही ध्यानात आले नाही. पूर्वी तो एक दिवस आला नाही तर आमची मोहीमच होत नसे. उद्या येतोस ना, असे त्याला निघताना विचारून ठेवावे लागे. आता बटण दाबले की वैद्य येत होता. रोज तीन वैद्य येत होते. ते बटण दोघांनी मिळूनही दाबता आले असते, हे इथे लिहिलेच पाहिजे, नाहीतर यंत्राला दोष दिल्यासारखे होईल. पण त्यासाठी त्याची वाट पाहावी लागली असती, आणि वाट पाहण्याचे मी त्या पाच आठवड्यांत सोडून दिले होते.

आईला मी सांगितले, ‘‘सध्या येत नाही.’’

‘‘का? बरं नाही का त्याला?’’

मला उत्तर ठाऊक नव्हते. नवराबायकोंना विचारावे तर तेही यादीत दहा-बारा दिवस मागे. टोरोंटोचा मुलगा भेटला. तो म्हणाला, अरेच्चा, मला वाटलं तो तुझ्याबरोबर असतो. खेळात टपाल असते. मी वैद्याला पत्र लिहिले. तिळगूळ काही तिथे मिळत नाही, म्हणून एक स्ट्रॉबेरी आइस्क्रीम जोडले. तीस दिवस कुणी न उचललेली वस्तू पाठवणाऱ्याकडे परत येते, असा तिथला नियम आहे. फेब्रुवारीत आइस्क्रीम परत आले.

त्या उन्हाळ्यात मी वर्गणी बंद केली. आतेभावाने फोनवर कारण विचारले, तेव्हा मी ते वाक्य म्हणालो. सगळे आहे, उलट पहिल्यापेक्षा चांगले केले आहे, पण मजा नाही.

आता कुणी म्हणेल, एका हळव्या माणसाच्या कहाणीवरून खेळाची परीक्षा करू नका. मान्य आहे. आकडे तर माझ्या विरुद्धच बोलतात. बटण आल्यानंतर दहा महिन्यांनी, ऑक्टोबर २०१० मध्ये, वर्गणीदार एक कोटी वीस लाखांवर गेले होते. तो त्या खेळाचा कळस. पुढे उतार लागला. २०१५ च्या सप्टेंबरअखेर पंचावन्न लाख राहिले आणि त्यानंतर आकडा सांगणेच बंद झाले. उताराला कारणे पुष्कळ असतील. खेळ जुना झाला, खेळणारे बाप झाले, नवे खेळ निघाले. बटणाने खेळ मारला असे मी म्हणत नाही. गर्दी होतीच. माझ्या म्हणण्याचा मुद्दा एवढाच, की वाड्याचा एस.टी. स्टँड झाला तर माणसे कमी होत नाहीत, वाढतातच.

आणि हे वेड माझ्या एकट्याचे नव्हते. २०१३ च्या एका मेळाव्यात कुणीतरी चालकांना विचारले, जुना खेळ होता तसा परत द्याल का? तुम्हाला तो हवासा वाटतो, पण खरे म्हणजे नको आहे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. लोकांनी ते उत्तर वर्षानुवर्षे लक्षात ठेवले. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये जुना खेळ, बटणावाचून, पुन्हा सुरू झाला. पहिल्या दिवशी लोक खेळात शिरण्यासाठी तासन्‌तास रांगेत होते.

मीही होतो. भाचा तेव्हा शाळेत होता. त्याला म्हटले, चल, तुला जमिनीखालचे गलबत दाखवतो. त्याने आधीच सगळे वाचून, चित्रफिती पाहून ठेवले होते. कुठल्या वळणावर काय, कोणत्या राक्षसाकडे काय, सारे तोंडपाठ. त्याचा दोष नाही. सर्वांचेच तसे झाले होते. रॅग्नारोस नावाचा जो महाराक्षस पहिल्या खेपेला जगातल्या कुठल्याही कंपूला हरवायला १५४ दिवस लागले, तो २०१९ मध्ये आठवड्याच्या आत पडला. चालकांचे ते उत्तर मला तेव्हा आठवले आणि ते अगदीच उद्धटपणाचे नव्हते असे वाटले.

आम्ही मूनब्रुकला खाणीच्या तोंडाशी उभे राहिलो. ‘‘वैद्य हवा,’’ मी लिहिले. वीस मिनिटे गेली. भाचा म्हणाला, ‘‘मामा, वेळ फुकट चाललाय.’’ अखेर एकजण चालत आला. मी त्याला विचारले, कुठला तू? तुझ्याकडे पाऊस आहे का? उत्तर आले नाही. मोहीम बिनचूक पार पडली. गलबत आले तेव्हा भाच्याने घड्याळ पाहिले. शेवटचा शत्रू पडल्यावर वैद्याने ‘टी वाय’ एवढी दोन अक्षरे लिहिली, म्हणजे थँक यू, आणि तो गेला.

आई त्याआधीच, २०१४ मध्ये गेली. पाऊस सुरू झाला की, ‘‘त्या वैद्याचे गुडघे दुखत असतील,’’ असे ती शेवटपर्यंत म्हणत असे.

आता मी वर्षातून एकच महिन्याची वर्गणी भरतो, दिवाळीच्या महिन्याची. नरकचतुर्दशीला पहाटे घरात पाणी तापेपर्यंत जरा वेळ मिळतो, तेव्हा जुन्या खेळातला माझा योद्धा उघडतो. कुत्रे पळत येते. आयर्नफोर्जची पेढी असते, समोर उभे राहायला कुणी नसते. मी कंपूची यादी उघडतो. त्यातले एकही नाव मी काढलेले नाही. वैद्याच्या नावापुढचा आकडा आता दिवसांत नव्हे, वर्षांत दाखवतात. दर दिवाळीला तो एकाने वाढलेला असतो. तो वाचेपर्यंत आतून हाक येतेच, ‘‘अहो, उठा आता, पाणी निवतंय.’’